उन्हाकडे तोंड केलेले डोंगर

वाइनवरचा लेख, आणि तोही बायकांच्या पुरवणीत? कुणी नाक मुरडलं असेल तर आधीच सांगते, मला त्यातलं पिण्याचं फारसं कळत नाही. पण द्राक्षाचं कळतं. लग्न होऊन निफाड तालुक्यात आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, डिपिंग, भुरी, डावणी या शब्दांवरच आमच्या घरातलं कॅलेंडर चालतं. दिवाळीचा फराळ कधी करायचा हेसुद्धा आम्ही बागेला विचारून ठरवतो! त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरात लेकीकडे जर्मनीला गेले आणि तिनं विचारलं, "आई, काय बघायचंय? राजवाडे, म्युझियम, चर्च?" तेव्हा म्हटलं, "मला द्राक्षाच्या बागा दाखव."

लेक हसली. तिला वाटलं होतं, घरी रोज बघून आईला कंटाळा आला असेल.

ती राहते माइन्झ गावात, ऱ्हाईन नदीकाठी. तिथल्या गुटेनबर्ग चौकात थिएटरसमोर फरसबंदीत एक पट्टी बसवली आहे. ५० अंश उत्तर अक्षांश तिथून जातो, त्याची ती खूण. पोरंसोरं त्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून फोटो काढतात. मी मात्र तिथे उभी राहून विचारात पडले. आमचं नाशिक २० अंशांवर. शाळेत शिकलो होतो की द्राक्ष हे साधारण ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यातलं पीक. म्हणजे आम्ही त्या पट्ट्याच्या खाली बाहेर, आणि हे लोक वरच्या काठावर लोंबकळत! याच ५० अंशाच्या आसपास तिकडे कॅनडात विनिपेग शहर आहे, तिथे हिवाळ्यात पारा उणे वीस-तीसपर्यंत उतरतो. मग इथे द्राक्ष जगतं कसं?

त्याचं पहिलं उत्तर समुद्रात आहे. अटलांटिकमधला गरम पाण्याचा प्रवाह आणि त्यावरून येणारे पश्चिमी वारे युरोपचा हिवाळा सौम्य करतात. पण तेवढ्यानं भागत नाही. सगळ्या जर्मनीत मिळून द्राक्षाखाली साधारण एक लाख हेक्टर जमीन आहे, तिचे १३ अधिकृत वाइन प्रदेश, आणि त्यातले बहुतेक देशाच्या नैऋत्येला, नद्यांच्या खोऱ्यांना चिकटून बसलेले. नकाशा नीट पाहिला की कळतं, ही माणसं द्राक्ष लावताना जमीन शोधत नव्हती, ऊब शोधत होती.

ती ऊब कुठे सापडते, ते मला मोझेल नदीवर कळलं.

मोझेल फ्रान्समध्ये उगम पावते आणि कोब्लेन्झला ऱ्हाईनला मिळते. जर्मनीत शिरल्यावर ती अशी काही नागमोडी वळणं घेते की अर्धा तास गाडी चालवून आपण पुन्हा त्याच गावासमोर, फक्त पलीकडच्या काठाला! तर या वळणांमुळे काही उतार दक्षिणेकडे तोंड करतात, काही उत्तरेकडे. दक्षिणेकडचे सगळे वेलींनी भरलेले. समोरच्या उत्तराभिमुख उतारावर नुसतं रान. मधे फक्त नदी.

आता हे उतार म्हणजे कसे? मैत्रिणींनो, आपण वाळवण घालतो तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात सूप कलतं करून ठेवतो की नाही? सांडग्यांना ऊन नीट लागावं म्हणून? तसंच. सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्तरेक अंश वर असतो. तिथे जेमतेम ४० अंश. सपाट जमिनीवर ते ऊन घसरून जातं, पसरतं, पातळ होतं. पण जमीनच ५० अंशांनी उभी असेल, तर तेच ऊन तिच्यावर थेट काटकोनात पडतं. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा डोंगर तर जागोजागी ६५ अंशांपर्यंत चढतो. युरोपातली सगळ्यांत खडी द्राक्षबाग म्हणून तो प्रसिद्ध आहे. खालून बघताना मान मोडते, आणि वर चढायला काही ठिकाणी लोखंडी शिड्या आणि तार लावली आहे. मी काही चढले नाही. खालूनच नमस्कार केला.

उताराचा आणखी एक फायदा. थंड हवा जड, ती रात्री खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. मधल्या उंचीवरच्या वेली त्यातून वाचतात. वर नदीचं पाणी ऊन परावर्तित करतं, रात्री फार गारठू देत नाही. आणि मागे हुन्सर्‍युक आणि आइफल हे डोंगर वाऱ्याला पाठ देऊन उभे.

आणि मग माती. माती म्हणायचं, पण माती दिसतच नाही! सगळीकडे नुसत्या निळ्या-करड्या चपट्या कपच्या. हातात घेतली एक, आणि एकदम लहानपण आठवलं. अहो, पाटी! आपण ज्यावर अ आ इ ई गिरवलं ना, तोच पाटीचा दगड. जर्मन त्याला शीफर म्हणतात. चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा चिखल दाबून दाबून झालेला हा दगड. काळपट असल्यामुळे तो दिवसभर तापतो आणि रात्री हळूहळू ऊब सोडत राहतो. संध्याकाळी सातनंतर मी एका बांधावर हात टेकला, तर चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा कोमट. या दगडात पाणी थांबत नाही, आणि मोझेलला पाऊस बऱ्यापैकी पडतो, त्यामुळे निचरा महत्त्वाचा. मुळं मात्र फटीफटींतून पाण्याच्या शोधात खोल खोल जातात. उतारावरच्या कपच्या पावसानं घसरून खाली येतात. पूर्वी लोक त्या टोपलीत भरून पाठीवरून पुन्हा वर नेऊन टाकत. हो, माती डोंगरावर परत न्यायची!

याच दगडाचा आणखी एक उपकार आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तेव्हापासून जगभर द्राक्षाचं कलम अमेरिकन खुंटावर बांधतात. आमच्याकडचा 'डॉगरिज' खुंटही मूळचा तिकडचाच. पण पाटीच्या या खडकाळ जमिनीत त्या किडीचं फारसं चालत नाही, म्हणून मोझेलवर अजून शंभर वर्षांपेक्षा जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली सापडतात. मला त्यांचं बुंधं बघून आमच्या गावच्या पारावरच्या वडाची आठवण झाली. तशीच सुरकुतलेली साल.

वेली बांधायची पद्धतही वेगळी. आमच्यासारखा मांडव नाही, तारासुद्धा नाहीत. प्रत्येक वेलीला एक खांब, आणि दोन काड्या वाकवून खाली बांधलेल्या. लांबून बदामाचा आकार दिसतो. हजारो बदाम डोंगरभर! जावयांनी लगेच फोटो काढला आणि लेकीला म्हणाले, "बघ, रोमँटिक." ज्या बाईकडे आम्ही उतरलो होतो ती मात्र हसली. म्हणाली, खांब असला की बाजूनंही चालता येतं, तारा असत्या तर एवढ्या उतारावर प्रत्येक ओळीला खालपासून वर चढावं लागलं असतं. एकदम व्यवहारी उत्तर. शेतकरी सगळीकडे सारखेच.

ही बाई सत्तरी ओलांडलेली. लेक तिला 'ओमा' म्हणायची, म्हणजे आजी, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. मधल्या मोझेलवर, बर्नकास्टेलच्या अलीकडच्या एका गावात तिचं घर. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना, खाली तळघर, आणि डोंगरावर तीन तुकडे मिळून एक हेक्टरसुद्धा नाही एवढी बाग. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तिला मराठी येत नाही आणि मला जर्मन येत नाही, पण तिनं माझ्या हाताची बोटं बघितली, कात्रीचा घट्टा ओळखला आणि स्वतःचा पंजा शेजारी ठेवला. पुढचं भाषांतर लेकीला फार करावं लागलं नाही.

सपाटीवरच्या बागेत यंत्रं फिरतात. खड्या उतारावर तेच काम हातानं, आणि वेळ लागतो तीन-चार पट तरी. काही ठिकाणी एका रुळावरून चढणारी छोटी गाडी असते, तिच्यात माणूस आणि घड दोन्ही चढतात-उतरतात. ओमाच्या तारुण्यात तीही नव्हती. वसंतात काड्या वाकवून विलोच्या ओल्या फोकांनी बांधणं हे बायकांचं काम. "बोटं गारठायची, आणि वर पुरुष म्हणायचे, बांधणं तर हलकं काम!" हे ऐकून मी मोठ्यानं हसले. आमच्याकडे विरळणीला हेच म्हणतात.

एक गंमत बघा. तिथल्या जुन्या वाइनघरांच्या पाट्यांवर 'अमुक आणि पुत्र' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या 'अँड सन्स'सारखं. आता चित्र बरंच बदललंय. र्‍युडेसहाइमच्या थेरेसा ब्रॉयर यांच्यावर २००४ मध्ये वडील अचानक गेल्यावर ऐन विशीत घरच्या बागांची जबाबदारी पडली, आणि आज ऱ्हाईनगाऊ प्रदेशात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. बायकांची 'व्हिनिसिमा' नावाची संघटना १९९१ पासून आहे. आणि 'वाइन राणी'ची स्पर्धा! १९४९ पासून दरवर्षी निवडतात. मला आधी वाटलं, असेल झालं मुकुट आणि फुलांचं प्रकरण. पण तिथे परीक्षक माती, रोग, तळघर, बाजारभाव यांवर प्रश्न विचारतात. १९९५ ची राणी युलिया क्लोक्नर पुढे २०१८ ते २०२१ देशाच्या कृषिमंत्री होत्या आणि २०२५ मध्ये जर्मन संसदेच्या अध्यक्ष झाल्या. मुकुटाचा असाही उपयोग!

असो. पुन्हा द्राक्षाकडे. एवढ्या मेहनतीनं तिथे लावतात काय, तर मुख्यतः रिसलिंग. पांढरं, लहान मण्याचं द्राक्ष. १४३५ सालच्या एका सरंजामदाराच्या हिशेबात या वेलींच्या खरेदीची नोंद आहे, तीच सगळ्यांत जुनी मानतात. आणि १७८७ मध्ये ट्रियरच्या राजबिशपनं हुकूम काढला की हलक्या जातीच्या वेली उपटा, चांगल्या लावा. मोझेलवर रिसलिंगचं राज्य आलं ते तेव्हापासून. ही जात उशिरा पिकते. उशिरा पिकणारी जात थंड देशात लावायची म्हणजे दरवर्षी जुगारच. पण तिचं लाकूड थंडी सोसतं, आणि गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा टिकून राहतो. आमच्याकडे मार्चच्या उन्हात साखर चढते आणि आंबटपणा भराभर उतरतो, तिथे दोन्ही हातात हात घालून चालतात. मी घोटभर चाखली तेव्हा पहिलं मनात काय आलं सांगू? चिंच-गुळाची आमटी! म्हणजे चव तशी नव्हे हो, पण ते तोलून धरलेलं आंबटगोड तसंच.

"दगडाची चव लागते का?" असं ओमा प्रत्येक पाहुण्याला विचारते, आणि पाहुणे आज्ञाधारकपणे "हो हो" म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र सांगतात की दगड विरघळून चवीनं घडात चढत नाही. माती आपलं काम करते ती पाण्याच्या आणि उबेच्या वाटेनं. किती पाणी धरते, किती तापते, मुळांना किती खोल जाऊ देते, त्यावर घड ठरतो. मला हे पटतं. आमच्या काळ्या जमिनीतली आणि शेजारच्या मुरमाड तुकड्यातली द्राक्षं एकाच जातीची, एकाच खताची, पण सारखी कधीच नसतात.

हाच न्याय बाकी प्रदेशांना लावत गेलं की नकाशा वाचता येतो. ऱ्हाईन नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, पण माइन्झपाशी टाउनुस डोंगर आडवा येतो म्हणून ती तीसेक किलोमीटर पश्चिमेला वळते. झालं, उजव्या काठाचा सगळा उतार दक्षिणेकडे तोंड करून, पाठीशी डोंगर! तोच ऱ्हाईनगाऊ. फाल्झ प्रदेश हार्ट डोंगराच्या पावसाच्या सावलीत, जसं आपलं सह्याद्रीच्या पूर्वेला असतं तसं. तिथे मार्चमध्ये बदामाची झाडं गुलाबी फुलतात आणि परसात अंजीरं पिकतात. फोर्स्ट गावात तर काळा बसाल्ट. आपला दख्खनचा दगड भेटला म्हणून मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. फ्रांकनमध्ये चुनखडी, समुद्रापासून लांब, कडक हिवाळे, म्हणून तिथे जरा लवकर पिकणारं सिल्वानर, आणि तेही चपट्या पोटाच्या बाटलीत. दक्षिणेला कायझरश्टूल म्हणजे विझलेला ज्वालामुखी, वर वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळी बारीक माती, देशातल्या सगळ्यांत उबदार जागांपैकी एक.

थंडीनं तिथला कायदासुद्धा घडवला. साखर दुर्मीळ, म्हणून साखरेलाच मान. १९७१ च्या कायद्यानं वाइनची प्रत ठरवली ती तोडणीच्या वेळी रसात साखर किती, यावर. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे करत करत ट्रोकनबेरेनआउसलेझेपर्यंत. (हा शब्द म्हणता यायला मला तीन दिवस लागले.) जितकं उशिरा तोडाल तितकी साखर, तितका धोका. यातला सगळ्यांत धाडसी प्रकार म्हणजे आइसवाइन. घड डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवर ठेवायचे, पारा उणे सात अंशांखाली गेला की पहाटे अंधारात बॅटऱ्या घेऊन तोडायचे आणि गोठलेलेच दाबायचे. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, मधासारखा रस थेंबथेंब उतरतो. बिंगेनजवळ १८३० च्या फेब्रुवारीत गोठलेली द्राक्षं अशी काढली गेली, तिथून याची गोष्ट सुरू होते.

२०१९ च्या हंगामात मात्र देशातल्या १३ पैकी एकाही प्रदेशात आइसवाइन झाली नाही. तेवढी थंडीच पडली नाही.

आणि इथून ओमाच्या बोलण्याचा सूर बदलला. तिच्या लहानपणी दहा वर्षांत दोन-तीन हंगाम पूर्ण पिकायचे, बाकी वर्षी रस आंबटढाण. आता जवळजवळ दरवर्षी पिकतं. तोडणी ऑक्टोबरच्या शेवटाकडून सप्टेंबरात आली. पूर्वी कुणी स्वप्नातही लावली नसती अशी दक्षिणेकडची लाल द्राक्षं आता फाल्झमध्ये दिसतात. म्हणजे चांगलंच झालं की! मी तसं म्हटलं. तर तिनं मला वरच्या तुकड्यातले घड दाखवले. पश्चिमेकडच्या बाजूनं मणी तपकिरी, भाजलेले. जो दगड, जो उतार शेकडो वर्षं ऊन गोळा करायला निवडला, तोच आता जास्त तापतो. २०१८, २०२२ अशा कोरड्या वर्षांत तरुण वेली माना टाकतात. काही प्रदेशांत खड्या उतारांवर पाण्याच्या नळ्या टाकल्या आहेत. मी त्या नळ्या ओळखल्या. आमचं ठिबक!

उन्हाळा वाढला म्हणून थंडीनं पाठ सोडली, असंही नाही. उलट वसंत लवकर गरम होतो, वेली लवकर फुटतात, आणि मग एप्रिलची एखादी रात्र कोवळ्या फुटव्यावर येते. तिकडे लोक ११ ते १५ मे हे दिवस 'बर्फाचे संत' म्हणून मोजतात, शेवटच्या दिवसाला 'थंड सोफी' म्हणतात. ती गेली की थंडी संपली. आपण मृग, हस्त मोजतो तसंच. २०२४ मध्ये सोफीपर्यंत थांबायची वेळच आली नाही. एप्रिलच्या २० तारखेनंतरच्या दोन-तीन रात्रींत आधीच फुटलेल्या बागा देशात बऱ्याच ठिकाणी काळ्या पडल्या. ओमाचा नदीलगतचा खालचा तुकडा गेला. शेजाऱ्यांनी ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा आम्हीही पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. नाहीतर तयार मणी तडकतात. मोबाइलवर आमच्या शेकोट्यांचा फोटो होता, तो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "इतक्या गरम देशात?"

आर नदीचं खोरं मात्र आम्ही मुद्दाम पाहायला गेलो नाही, वाटेत लागलं. मोझेलच्या उत्तरेला, अरुंद, दोन्ही बाजूंनी खडक, आणि एवढ्या वर असूनही लाल द्राक्षांसाठी नावाजलेलं, कारण खडकांची उभी भिंत ऊन साठवते. पण ज्या भिंती ऊन धरतात त्या पाऊस धरत नाहीत. १४ जुलै २०२१ च्या रात्री पाणी थेट खाली आलं. १३० हून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी वाइनघरं बुडाली. माइके आणि डोर्टे नेकेल या बहिणी घरचं वाइनघर वाचवायला गेल्या आणि प्रवाहात ओढल्या गेल्या. एका झाडाला धरून त्यांनी कित्येक तास काढले, तेव्हा सुटका झाली. डोंगरावरच्या वेली मात्र तशाच उभ्या होत्या, आणि त्या थांबणार थोड्याच? दुसऱ्या प्रदेशांतले द्राक्षवाले आपापले ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्यांच्या फुटव्याची कामं करून दिली. चिखलानं माखलेल्या बाटल्या न धुता, तशाच विकून लाखो युरोंची मदत उभी राहिली. मी पाहिलं तेव्हा अजून काही घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसत होती, पहिल्या मजल्याच्या वर.

मोझेलला परतलो तर ओमा वरच्या तुकड्यात. जेमतेम आठशे वेली, तिनं आणि नवऱ्यानं १९७९ मध्ये स्वतः लावलेल्या. मुलगा फ्रँकफर्टला बँकेत आहे. मधला तुकडा एक तरुण जोडपं खंडानं करतं. खालचा सपाट आहे, त्याला कुणीतरी मिळेल. सगळ्यांत चांगला हा वरचा, आणि तो फुकटसुद्धा कुणी घेत नाही. १९९० च्या आसपास मोझेलवर १२ हजार हेक्टरहून अधिक बागा होत्या, आता साडेआठ हजारांच्या आसपास उरल्या आहेत, आणि गेल्या त्या बहुतेक उभ्या उतारावरच्या. देशात वाइनचा खपही घटतोय, भाव पडलेत. बाग नुसती सोडून देऊन चालत नाही, रोग शेजाऱ्याकडे पसरतात, म्हणून वेली उपटूनच द्याव्या लागतात.

"तुमचा मुलगा करतो का बाग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पुण्याला नोकरीला आहे. दीर करतात, पण त्यांचाही मुलगा म्हणतो, गारपिटीच्या भरवशावर कोण राहणार? २०१४ च्या गारपिटीनंतर आमची एक एकर बाग काढली ती काढलीच, आता तिथे टोमॅटो असतो. लेक भाषांतर करताना मधेच थांबली. ओमानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "चला, आधी जेवू."

जेवायला कांद्याचा केक होता! गोड नव्हे, वर भरपूर परतलेला कांदा, अंडं आणि साय घातलेली जाडसर पोळीच म्हणा. सोबत फेडरवाइसर, म्हणजे अर्धवट आंबलेला ताजा रस, गढूळ, फसफसता, नीऱ्याची आठवण करून देणारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मिळतो. कुणी त्या दिवसांत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्याची बाटली घट्ट बंद नसते, हवा जायला टोपणाला फट ठेवतात. ती आडवी करून पिशवीत घालायची नाही. आमच्या जावयांच्या गाडीच्या डिकीला अजून वास येतोय म्हणे.

दोन दिवसांनी निघताना मी ओमाला माझ्याजवळची लिंबाच्या लोणच्याची बाटली दिली आणि तिनं मला रक्तासारख्या लाल गराच्या पीचचा जॅम. द्राक्षाच्या बांधावर वाढणारी ती मोझेलची जुनी जात आहे, बाहेरून करडी, लवदार, दिसायला अगदीच साधी.

२०२५ च्या मार्चमध्ये लेकीनं फोटो पाठवला. वरचा तुकडा मोकळा. आठशे खांब एका बाजूला रचलेले, वेलींची खोडं जळणाला कापून घराच्या भिंतीशी लावलेली, आणि त्या निळ्या कपच्यांमध्ये हातभर उंचीची, काठ्यांना बांधलेली बारा रोपं. पीचची. खाली लेकीनं लिहिलं होतं, "ओमा विचारतेय, लिंबाऐवजी पीचचं लोणचं होईल का? फळं यायला तीन-चार वर्षं आहेत, सावकाश कळवा म्हणाली."

मी जाऊबाईंना विचारलंय. त्या म्हणतात, कच्चं काढलं तर होईल.